एम ४ च्या आलेखात दुसरी रांग दिसतेय. हीच का ती 'दुसरी पिढी'?

सड्यावरचा मास्तर (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडं पाल्हाळ. मास्तर माणूस, अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो, चालवून घ्या.

आमच्या गावामागचा सडा म्हणजे नुसता कातळ. झाड नाही, दिवा नाही. आंब्याच्या पेट्या मार्गी लागल्या की मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास चारपाच पोरांना घेऊन वर जातो. यंदा त्यांना ओमेगा सेंटॉरी दाखवला. पत्ता सोपा आहे. चित्रा दक्षिणेला ऐन उंचीवर आली की हात ताठ धरून तिथून सरळ खाली साडेतीन मुठी. आपल्या इथून तो क्षितिजावर जेमतेम २६ अंश चढतो. नुसत्या डोळ्यांना पुसट तारा, दुर्बिणीत कापसाचा बोळा. नैर्ऋत्येला बोटींचे एलईडी पेटले होते (बंदी आहे म्हणे), आभाळाचा तो कोपरा दुधाळ झाला होता, तरी दिसला.

मी नेहमीचं सांगितलं: हा एक तारा नव्हे, जवळपास १ कोटी ताऱ्यांचा गोलाकार तारकागुच्छ, १७ हजार प्रकाशवर्षं लांब, आणि सगळे एकाच ढगातून एकाच वेळी जन्मलेले. तर एक पोरगी म्हणते, "सर, एवढे सगळे एकदम? जुळी पण पाच मिनिटं पुढंमागं होतात." पोरं हसली, मीही हसलो. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं की पोरगीच बरोबर होती आणि माझं पुस्तक जुनं. एकाच गुच्छात ताऱ्यांचे दोन-दोन, तीन-तीन गट असतात ('पिढ्या' म्हणतात त्यांना, जास्त सोडियमवाली ती दुसरी), कुणात सोडियम जास्त तर कुणात ऑक्सिजन, हे गेल्या पंचवीसेक वर्षांत पक्कं झालंय म्हणे. सोडियम म्हटल्यावर रसायनवाल्याचे कान टवकारणारच.

मग मिरग लागला. आता चार महिने आभाळ बंद. म्हटलं घरात बसून करू. ताऱ्यांच्या जागा, गती आणि रंग मोजणाऱ्या गाया उपग्रहाची माहिती फुकट मिळते. ओमेगा सेंटॉरी फार गर्दीचा, म्हणून जवळचा दुसरा गोलाकार गुच्छ, एम ४ घेतला, ज्येष्ठाच्या बाजूचा. अर्ध्या अंशाच्या वर्तुळातले तारे उतरवले. निजगतीचा (तारा आभाळावर वर्षाला किती सरकतो त्याचा) आलेख काढला आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. मधल्याअधल्या ताऱ्यांचा एक विस्कटलेला ढीग, आणि त्याच्यापासून साफ बाजूला, वर्षाला उणे साडेबारा आणि उणे एकोणीस मिलि-आर्कसेकंदांपाशी (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), एक घट्ट ठिपका. तोच एम ४. तेवढे तारे वेगळे काढले आणि रंग-प्रत आलेख मांडला (आडवा रंग, डावीकडे निळा, उजवीकडे तांबडा; उभी प्रत म्हणजे तेज, आकडा लहान तितका तारा तेजस्वी). उभ्या अक्षावर १५ ते २० प्रत एवढंच ठेवलं, कारण मला मुख्य क्रम, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांची रांग, मोठा करून बघायचा होता. (हे सगळं लाईट जायच्या आत. पायथन मी भाच्याकडून शिकलो, नावं ठेवू नका.)

आता प्रश्न. मुख्य क्रमाची जाड रांग आहे, आणि तिच्या वर, उजव्या अंगाला, अगदी समांतर अशी दुसरी विरळ रांग दिसतेय. भास नाही, बायकोलाही दाखवली, तीही म्हणाली "दोन आहेत". ही दुसरी पिढी म्हणायची का? का माझं कुठंतरी चुकतंय?

ठिपके मोजणारी (पुणे)

सर, आधी कौतुक. निजगतीवरून सदस्य वेगळे काढणं ही अर्धी लढाई असते आणि ती तुम्ही जिंकलीत. उरलेल्या अर्ध्यात मात्र वाईट बातमी आहे.

पट्टी घेऊन दोन रांगांमधलं उभं अंतर मोजा. पाऊण प्रत येईल. ०.७५ च्या आसपास आलं तर ते जोडतारे आहेत. दोन सारखे तारे एकमेकांना इतके चिकटून असतात की गायाला एकच ठिपका दिसतो. रंग तोच, प्रकाश दुप्पट. दुप्पट प्रकाश म्हणजे २.५ गुणिले दोनचा लॉग, ०.७५ प्रत. म्हणून जोडी आपल्या जागेवरून सरळ वर उचलली जाते. जोडीतला एक लहान असेल तर ठिपका दोन रांगांच्या मधे कुठंतरी पडतो. तसे मधले ठिपकेही तुमच्याकडे असणारच.

दुसरी गोष्ट, तुमची रांग चुकीच्या बाजूला आहे. दुसऱ्या गटात सोडियम-नायट्रोजनबरोबर हेलियमही थोडं जास्त असतं. हेलियम जास्त असलेला तारा तेवढ्याच तेजाला जास्त तापलेला, म्हणजे निळसर असतो. त्यामुळं त्याची रांग मुख्य क्रमाच्या डावीकडे, खालच्या अंगाला यायला हवी. तुमची उजवीकडे वर आहे.

ओमेगा सेंटॉरीत नेमकं हेच झालं होतं. हबलच्या छायाचित्रांतून त्याचा मुख्य क्रम दुभंगलेला दिसला, २००४ मध्ये ते नीट छापून आलं. वर्षभरानं चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून वर्णपट घेतले तर डोकं फिरायची वेळ आली: निळ्या रांगेतल्या ताऱ्यांत जड मूलद्रव्यं जास्त निघाली. नियमानं जड मूलद्रव्यांनी तारा तांबूस व्हायला हवा. हिशेब एकाच प्रकारे जुळत होता: त्या ताऱ्यांत वजनाच्या ४० टक्क्यांच्या जवळ हेलियम धरायचं, जिथं साध्या जुन्या ताऱ्यात ते २५ टक्के असतं. एम ४ मध्ये हेलियमचा फरक फारच किरकोळ आहे, तो गायाच्या रुंद रंगपट्ट्यांत सुटा दिसणार नाही.

अजून दोन खोड्या. एम ४ वृश्चिकेतल्या धुळीच्या ढगांआड आहे आणि धूळ सगळीकडे सारखी नाही, म्हणून रांग आपोआप जाड होते. आणि गायाचे निळे-लाल रंग प्रिझमनं पसरलेल्या प्रकाशातून, साडेतीन बाय दोन आर्कसेकंदांच्या खिडकीतून मोजलेले आहेत. गुच्छाच्या मध्यावर त्या खिडकीत शेजाऱ्याचा प्रकाश घुसलेला असतो. मधला भाग काढून टाका, रांग बारीक होईल.

तारकर्लीचो

मास्तरानू, माका ह्यातला अर्धा कळला, अर्धा डोक्यावरसून गेला. पण ह्यो एम ४ आमका बघूक मेळतलो काय? बोटीवर सात-पन्नासची दुर्बीण आसा. आणि एलईडीवाले आमी न्हय हां, आमी गिलनेटवाले. त्येंच्या नावान आमका शिव्या नको.

सड्यावरचा मास्तर

@तारकर्लीचो, तुमच्यावर राग नाही हो. सात-पन्नासमध्ये दिसेल. ज्येष्ठा, ती तांबडी, दुर्बिणीच्या मधोमध धरा. तिच्या पश्चिमेला, सव्वा अंशावर, त्याच चित्रात पुसट गोल डाग. चांदणं नको. आता ढग, त्यामुळं पावसाळी मासेमारीबंदी उठून बोट पाण्यात गेली तरी ऑगस्टात काही खरं नाही. मार्चमध्ये पहाटे जाळी ओढायला जाल तेव्हा दक्षिणेला बघा.

@ठिपके मोजणारी, पट्टी लावली. तीन ठिकाणी मोजलं, तिन्हीकडे पाऊण. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मी दोन आहेत म्हटलं होतं, पिढ्या आहेत नव्हतं म्हटलं." मधला भागही काढून टाकला, रांग खरंच बारीक झाली.

थोडा हिरमुसलो, खोटं कशाला बोलू. म्हणजे गायातून हे दिसायचंच नाही का? मला वाटतं हे साक्याच्या (आतून गर बिघडलेल्या) आंब्यासारखं झालं. हापूसची पेटी उघडली तर सगळे आंबे एका रंगाचे, एका वासाचे, एका झाडाचे. साका कुठल्यात आहे ते बाहेरून पारख्यालाही कळत नाही, कापल्यावरच कळतं. इथं कापायचं म्हणजे वर्णपट घ्यायचा, आणि ते काही सड्यावरून जमणार नाही.

एक भाबडा प्रश्न. प्रयोगशाळेत मुलांना ज्योतपरीक्षा दाखवतो. ओल्या तारेला मिठाचा खडा लावून बर्नरवर धरला की भडक पिवळा. ५८९ नॅनोमीटरच्या त्या दोन रेघा. ताऱ्यातलं सोडियम पण त्याच रेघांवरून मोजतात का?

ठिपके मोजणारी (पुणे)

भाबडा नाही, पण उत्तर उलटं आहे. त्या दोन रेघा वापरायचं शक्यतो टाळतात. एम ४ मधल्या तांबड्या राक्षसी (म्हातारपणी फुगलेल्या) ताऱ्यांत ५८९ ची रेघ इतकी गडद असते की सोडियम दुप्पट झालं तरी तिच्यात फारसा फरक पडत नाही. काळ्या कापडावर शाईचा डाग कसा ओळखणार? म्हणून त्याच सोडियमच्या मिणमिणत्या रेघा घेतात, ५६८ ची जोडी आणि ६१५-६१६ ची जोडी. ऑक्सिजनसाठी ६३० ची एक बारीकशी रेघ.

२००८ मध्ये एम ४ च्या १०५ राक्षसी ताऱ्यांचे असे वर्णपट छापून आले. लोखंड सगळ्यांत सारखं, सोडियमचे मात्र सरळ दोन ढीग. ज्यात सोडियम जास्त त्यात ऑक्सिजन कमी, ज्यात कमी त्यात जास्त. तुमच्या साक्याच्या पेटीत मी फक्त एवढीच दुरुस्ती करेन की इथं 'नासके' तारे कमी नसतात. बहुतेक गुच्छांत दुसरा गटच संख्येनं मोठा असतो.

पण न कापता ओळखायची एक युक्ती आहे. नायट्रोजन जास्त असला की ३३६ नॅनोमीटरजवळ नायट्रोजन-हायड्रोजनच्या रेणूचा पट्टा प्रकाश खातो. ऑक्सिजन जास्त असला की २७५ जवळ ऑक्सिजन-हायड्रोजनचा पट्टा खातो. कार्बनची करामत ४३८ च्या आसपास. म्हणजे पहिल्या गटातला तारा २७५ आणि ४३८ मध्ये मंद, ३३६ मध्ये तेजस्वी; दुसऱ्या गटातला बरोबर उलटा. हबलवर या तीन गाळण्या लावून ५७ गुच्छांची पाहणी झाली, त्यात एम ४ आहे. तीन रंगांची वजाबाकी केली की जी रांग गायात एक दिसते ती चिरफाळून दोन होते. २७५ चा प्रकाश हवेतून खाली पोचत नाही, म्हणून त्यासाठी अंतराळातच जावं लागतं. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या अतिनील दुर्बिणीनंही गोलाकार गुच्छ बघितलेत, तिचा जोर मुख्यतः तापलेल्या ताऱ्यांवर.

आणि सर, हिरमुसू नका. तुम्ही आलेख १५ प्रतीला कापला म्हणालात ना? तो वरपर्यंत उघडा, १० पर्यंत. १३ च्या जवळ बघा काय दिसतं. मी सांगत नाही.

निवृत्त अभियंता (चिपळूण)

चर्चा चांगली आहे. तरी शंका मांडतो. सोडियम, नायट्रोजन हे सगळं ताऱ्याच्या पोटातल्या भट्टीत बनतं. राक्षसी ताऱ्यात आतला माल ढवळून वर येतो हे सर्वमान्य आहे. मग काहींत जास्त ढवळलं, काहींत कमी, असं का नाही? प्रत्येक फरकाला 'पिढी' म्हणायची घाई कशाला? आमच्या धरणावर गळती दिसली की प्रत्येक जण नवीन सिद्धांत काढायचा, शेवटी कारण एकच निघायचं: काँक्रीट नीट कुटलं नव्हतं.

ठिपके मोजणारी (पुणे)

काका, तुमची शंका सत्तरच्या दशकातल्या खगोलशास्त्रज्ञांचीही होती आणि तीसेक वर्षं टिकली. ती मोडली २००१ मध्ये. एनजीसी ६३९७ आणि ६७५२ या गुच्छांतले राक्षसी न झालेले तारे घेतले, मुख्य क्रमाच्या टोकाशी आणि जेमतेम पुढं सरकलेले. ढवळाढवळ ज्यांच्यात अजून सुरूच झालेली नाही असे. ६७५२ मध्ये त्यांच्यातही सोडियम वर, ऑक्सिजन खाली, तीच जोडी.

शिवाय भट्टीचं तापमान बघा. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश. निऑनचं सोडियम करायला ४ कोटींच्या वर लागतं, मॅग्नेशियमचं अ‍ॅल्युमिनियम करायला ७ कोटींच्या आसपास. आज त्या गुच्छांच्या मुख्य क्रमावर जे तारे शिल्लक आहेत ते सूर्याहून हलके, त्यांच्या भट्टीत ही धग नाही. माल बाहेरून आला, जन्माच्या वेळीच आला.

'पिढी' शब्दाबद्दल मात्र तुम्ही बरोबर. खूप जण हल्ली 'गट' म्हणतात, कारण आधी कोण आणि नंतर कोण हे अजून सिद्ध झालेलं नाही.

निवृत्त अभियंता (चिपळूण)

२००१ चा मुद्दा मान्य. मग बाहेरून म्हणजे कोणाकडून?

ठिपके मोजणारी (पुणे)

इथंच सगळ्यांची पंचाईत. उमेदवार चार. सूर्याच्या ४ ते ८ पट वजनाचे म्हातारे तारे, जे शेवटी वारा होऊन ओसरतात. गरगर फिरणारे फार जड तारे. एकमेकांचा वायू ओढणारे जड जोडतारे. आणि हजारो सूर्यांच्या वजनाचा एखादा अजस्र तारा, जो गुच्छाच्या गाभ्यात टकरी होऊन तयार होत असावा. प्रत्येकाची एक खोड आहे. पहिल्या उमेदवाराच्या मालात सोडियम आणि ऑक्सिजन दोन्ही एकदमच वर-खाली होतात, म्हणून त्यात शुद्ध वायू मिसळावा लागतो, आणि तो शुद्ध वायू तोवर कुठं दडला होता हे कोणी सांगत नाही. अजस्र तारा कोणी पाहिलेला नाही.

काका, तुम्ही हिशेबाचे माणूस, म्हणून सगळ्यात मोठी गळती सांगते. कुठलाही तारा आपल्या वजनातला थोडाच भाग असा शिजवून परत देतो. दुसरा गट पहिल्यापेक्षा मोठा असेल तर तेवढ्या लोकांचं जेवण एवढ्याशा चुलीवर शिजलं कसं? मग म्हणावं लागतं, पहिला गट मुळात कितीतरी पट मोठा होता आणि त्यातले बहुतेक गुच्छातून पळाले. पळाले तर आकाशगंगेत सापडायला हवेत, आणि पुरेसे सापडत नाहीत. आकाशगंगेच्या प्रभामंडळात (चकतीभोवतालच्या विरळ गोलात) भरपूर नायट्रोजन असलेले मोकळे तारे आहेत, पण तेही दुसऱ्या गटातले पळपुटे, आणि तेही शेकडा दोन-तीनच.

सड्यावरचा मास्तर

अहो बाई! उघडला. वरचा भाग उघडला.

कालपासून लाईट नव्हती. वाडीत फणस तारेवर पडला. आज दुपारी आली. अक्ष १० पर्यंत नेला आणि १३ च्या जरा खाली-वर आडवी ओळ. तीही सलग नाही. डावीकडे निळ्या बाजूला एक पुंजका, उजवीकडे तांबड्या बाजूला दुसरा, मधे काही विखुरलेले. मी चार दिवस तळाच्या रांगेत डोकं घालून बसलो होतो आणि हे डोक्यावर होतं, मीच कापून टाकलेलं. आडव्या शाखेबद्दल (राक्षसी अवस्थेनंतर गाभ्यात हेलियम जाळणाऱ्या ताऱ्यांची ओळ) वाचलं होतं, पण तिच्यातच हे असेल असं कुठं ठाऊक!

हे तेच का? डावीकडचे सोडियमवाले?

ठिपके मोजणारी (पुणे)

तेच. २०११ मध्ये याच दोन पुंजक्यांतल्या ताऱ्यांचे वर्णपट घेतले. तांबड्या पुंजक्यात सोडियम कमी, ऑक्सिजन जास्त. निळ्या पुंजक्यात उलटं. मधले विखुरलेले बरेचसे आरआर लायरे जातीचे रूपविकारी तारे, त्यांचा रंग तासातासाला बदलतो. किंचित जास्त हेलियमवाला तारा लवकर म्हातारा होतो, म्हणून आज या टप्प्यावर पोचलेला त्यातला तारा वजनानं हलका असतो, आणि हलका असला की आडव्या शाखेवर निळीकडे जाऊन बसतो. मुख्य क्रमावर केसाएवढा असलेला फरक इथं येईपर्यंत हातभर होतो.

एक इशारा: हे सगळ्या गुच्छांना लावू नका. आडव्या शाखेचा आकार लोखंडावर आणि वयावरही ठरतो. एम ४ सोपा आहे, तुमचं नशीब. ओमेगा सेंटॉरीवर हेच करायला गेलात तर लोखंडच कमीजास्त असलेले अनेक गट निघतील. तो मुळात एखाद्या गिळलेल्या लहान दीर्घिकेचा गाभा असावा असं बऱ्याच जणांचं मत आहे. त्याच्या मध्याशी सात तारे इतके सुसाट पळताना दिसलेत की तिथं निदान ८,२०० सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर असावं, हे २०२४ मध्ये आलं.

तारकर्लीचो

म्हंजे चेडू बरोबर होता आणि मास्तर चुकलो. ता बेस झाला.

सड्यावरचा मास्तर

@तारकर्लीचो, होय महाराजा. त्या पोरीला आलेख व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. ती आता कोल्हापूरला हॉस्टेलवर आहे. दोन पुंजक्यांभोवती लाल पेनानं गोल केले होते. तिचं उत्तर आलं: "सर, मधे जे आहेत ते कुणाचे?" आरआर लायरे म्हणून सांगितलं. "ते नाही, ते कुठल्या गटातले?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. बाई, हे जरा सांगाल का?

आणि त्या हबलच्या तीन गाळण्यांची तयार यादी लोकांसाठी खुली आहे असं वाचलं. एम ४ चीच फाईल हवी आहे. ती साधारण किती एमबीची असेल? आमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येते, आणि तिथं छत्री धरून लॅपटॉप किती वेळ सांभाळायचा त्यावर सगळं आहे.